आज्ञार्थ आणि संकेतार्थ : कन्सोल पोर्टविषयक मार्गदर्शिकांच्या भाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

उपयोजित लेखनाचा विचार करताना मराठीत सामान्यतः जाहिरात, बातमी, अहवाल, माहितीपत्रक आणि कार्यालयीन पत्रव्यवहार यांचा परामर्श घेतला जातो. यंत्रासोबत येणारी मार्गदर्शिका मात्र या यादीच्या कडेलाच राहते. ती ललित वाङ्मय नाही हे उघड आहे. परंतु ती वाचली जाते, तिच्यावर विसंबून माणसे कृती करतात आणि तिच्या एखाद्या वाक्यातील उणिवेची किंमत वेळेत व पैशात मोजतात. अशा लेखनाला समीक्षेची कसोटी लावू नये, असे म्हणण्यास कोणताच आधार दिसत नाही.

प्रस्तुत लेखात अशा लेखनातील एका अत्यंत लहान संहितेचा विचार केला आहे. राउटर, स्विच, फायरवॉल यांसारख्या नेटवर्क उपकरणांच्या मार्गदर्शिकांत, संगणक त्या उपकरणाच्या कन्सोल पोर्टला कसा जोडावा हे सांगणारे एक पान असते. उत्पादक कोणताही असो, या पानाची घडण जवळजवळ सारखीच असते. केबलचे एक टोक उपकरणाला व दुसरे संगणकाला जोडा, टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडा, वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही, अशी मूल्ये निवडा, एंटर दाबा, प्रॉम्प्ट दिसेल. पाच-सहा वाक्ये आणि एखादी आकृती, एवढाच या संहितेचा विस्तार.

मराठी व्याकरणाने क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले आहेत. वर वर्णन केलेले पान आरंभापासून अखेरपर्यंत आज्ञार्थात चालते. ज्या प्रसंगी ते उघडले जाते तो प्रसंग मात्र संकेतार्थाचा, म्हणजे ‘असे झाले तर काय’ याचा असतो. या विसंगतीमुळे हे पान गरजेच्या वेळी वाचकाला सोडून जाते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

पान आणि त्याचा वाचक

नेटवर्क उपकरणाशी बोलण्याचा नेहमीचा मार्ग नेटवर्कमधूनच जातो. व्यवस्थापक आपल्या जागेवरून उपकरणाचा पत्ता देतो आणि दूरस्थपणे त्याला आज्ञा देतो. पण नव्या कोऱ्या राउटरला पत्ताच नसतो, आणि बिघडलेल्या राउटरपर्यंत जाणारी वाटच तुटलेली असते. या दोन्ही अवस्थांत उपयोगी पडणारे दार म्हणजे कन्सोल पोर्ट. त्याला पत्ता लागत नाही, नेटवर्क लागत नाही. लागते ती एक केबल आणि उपकरणासमोर प्रत्यक्ष उभा असलेला माणूस.

म्हणजेच या पानाचे वाचक दोन प्रकारचे आहेत. पहिल्याने खोक्यातून नवे उपकरण काढलेले असते. तो निवांत असतो आणि पुस्तिका क्रमाने वाचत येतो. दुसरा रात्री-अपरात्री, बंद पडलेल्या उपकरणापुढे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. त्याने पुस्तिका मधूनच उघडलेली असते आणि फोनवर पलीकडे कोणीतरी ‘किती वेळ लागेल’ असे विचारत असते. मार्गदर्शिकेचा लेखक नेहमी पहिल्या वाचकासाठी लिहितो. पुस्तिकेतील या पानाचे स्थानच ते सांगते: उपकरण फळीत बसवल्यानंतर आणि वीज जोडल्यानंतर, ‘प्राथमिक तयारी’ या सदरात. दुसरा वाचक गृहीतच धरलेला नसतो.

या लेखनाचा संक्षेप हा दोष मानण्याचे कारण नाही. हातात केबल असलेल्या माणसाला निबंध नको असतो. आज्ञार्थी वाक्य लहान असते, निःसंदिग्ध असते आणि एका वेळी एकच कृती सांगते. या दृष्टीने पाहता अनेक मार्गदर्शिकांतील ही पाने आदर्श म्हणावीत अशी आहेत. प्रश्न ती काय गाळतात याचा आहे.

चार आकडे

९६००, ८, पॅरिटी नाही, १. नेटवर्कचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. ते तसेच का, याचे उत्तर ज्या पानावर ते छापलेले असतात तेथे सहसा नसते.

उत्तर इतिहासात आहे. कन्सोल पोर्टच्या मुळाशी असलेले आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० साली सिद्ध केले व १९६९ साली त्याची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती आली. टेलिटाइप यंत्र आणि मोडेम यांना जोडणे हा त्याचा मूळ हेतू. या जोडणीत दोन्ही टोके एकमेकांशी वाटाघाट करत नाहीत. आज इथरनेटची केबल जोडली की दोन्ही बाजूंची उपकरणे कोणत्या वेगाने बोलायचे हे आपसांत ठरवतात. सिरियल तारेत तशी सोयच नाही. प्रत्येक अक्षर आरंभीच्या एका बिटाने सुरू होते आणि पुढचे बिट कोणत्या क्षणी वाचायचे हे घेणाऱ्याने स्वतःच्या घड्याळावरून ठरवायचे असते. म्हणून वेग, बिटांची संख्या व शेवटची खूण यांविषयी दोघांचे एकमत आधीच झालेले असावे लागते. ते चार आकडे म्हणजे हा पूर्वकरार आहे.

या करारातील शेवटचा आकडा समीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत रंजक आहे. सिस्को कंपनीच्या जुन्या मार्गदर्शिकांत राउटरच्या कन्सोलसाठी २ स्टॉप बिट सांगितलेले आढळतात. नंतरच्या मार्गदर्शिकांत तेथे १ दिसतो. दोन्ही पुस्तिका समोर ठेवणाऱ्या वाचकाला यांपैकी एक चुकीची असावी असे वाटेल. वस्तुतः दोन्हींनी काम होते. स्टॉप बिट ही तारेची विश्रांत अवस्था आहे. एका बिटाऐवजी दोन बिटांइतका वेळ थांबले तर घेणाऱ्याला ती दोन अक्षरांमधील साधी विश्रांती वाटते. हा दुसरा बिट आला कोठून? १९६३ च्या सुमारास आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राचा वेग ११० बॉड होता आणि प्रत्येक अक्षराला एकूण ११ बिट लागत. म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे. अक्षर उमटल्यावर यंत्राचे फिरणारे भाग स्थिरावण्यासाठी जो वेळ हवा, तो दुसऱ्या स्टॉप बिटाने मिळत असे. लोखंडी यंत्राला लागणारी ही उसंत, ज्यात फिरणारा असा भाग पंख्याखेरीज क्वचितच असतो त्या राउटरच्या पुस्तिकेत तीन दशकांनंतरही छापली जात होती. ‘हे मूल्य १ किंवा २ ठेवले तरी चालते’ एवढे एक वाक्य कोणत्याही आवृत्तीत बसले असते.

वेगाचेही तसेच. एका अक्षराला दहा बिट धरले तर ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे येतात. ८० स्तंभ व २४ ओळींचा पडदा भरायला दोन सेकंद लागतात. माणसाच्या वाचण्यासाठी हा वेग पुरेसा आहे. पण राउटरची सॉफ्टवेअर-प्रत नष्ट झाली आणि १६ मेगाबाइटची नवी प्रत याच तारेतून भरायची वेळ आली, तर सुमारे पाच तास जातात. हे गणित ज्याला ठाऊक आहे तो आधी वेग वाढवून घेतो. ज्याला ठाऊक नाही तो पहाटेपर्यंत बसतो. पुस्तिका दोघांनाही एकच आकडा देते.

सर्वच उत्पादकांनी ९६०० पाळले असेही नाही. मायक्रोटिकच्या राउटरबोर्ड मालिकेत ११५२०० हा वेग रूढ आहे. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचांनी निराळी वाट काढली: वापरणाऱ्याने एंटर दोनदा दाबावे आणि त्या खुणेवरून स्विचने वेग स्वतः ओळखावा. येथे गृहपाठ वाचकाकडून यंत्राकडे गेला. मार्गदर्शिकेचे पान सुधारण्याचा हा खरा मूलगामी उपाय म्हणावा लागेल. यंत्रच समजूतदार झाले की पानावरचा भार कमी होतो.

उत्तर न आल्यास

‘एंटर दाबा, प्रॉम्प्ट दिसेल.’ या संहितेची सगळी भिस्त या शेवटच्या विधानावर आहे. प्रॉम्प्ट दिसला नाही तर काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. काही पुस्तिकांत समस्यानिवारणाचे वेगळे प्रकरण असते. ते शेकडो पानांनंतर येते आणि त्यात मुख्यतः उपकरणाच्या बिघाडांचा विचार असतो, केबलच्या या टोकाकडील माणसाचा नव्हे.

सिरियल तारेचे अपयश मुके असते, ही येथील खरी अडचण. नेटवर्कवरील जोडणी फसली तर बहुधा काही संदेश मिळतो: पत्ता सापडला नाही, वेळ संपली, प्रवेश नाकारला. सिरियल तारेत चुकीचा वेग, चुकीची केबल, चुकीचा पोर्ट आणि बंद पडलेला राउटर या चारही अवस्थांत वाचकापुढे काळा पडदाच येऊ शकतो. पण त्या मौनातही काही लक्षणे असतात आणि ती ओळखता येतात. पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटत असतील तर तार नीट आहे, वेग जुळत नाही. राउटरचे लेखन दिसते पण आपण टंकलेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तर फ्लो कंट्रोलकडे पाहावे; संगणक कदाचित अशा एखाद्या संकेताची वाट पाहत असेल जो या तारेतून कधी येणारच नाही. काहीच उमटत नसेल तर उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे. सुरू होताना ते आपणहून बोलते, आणि तेव्हाही पडदा कोरा राहिला तर दोष केबलमध्ये किंवा संगणकाने निवडलेल्या पोर्टमध्ये शोधावा. तीन-चार वाक्यांत मावणारे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तंत्रज्ञांमध्ये मौखिक परंपरेने चालत आले आहे. छापील पानाने ते आपले मानले नाही.

मराठी वाचकाला आज्ञार्थी वा विध्यर्थी गद्याचा सर्वांत जवळचा नमुना पाककृतींच्या पुस्तकांत सापडतो. तेथेही मापे असतात आणि क्रम असतो. परंतु चांगली पाककृती ‘दहा मिनिटे परतावे’ एवढ्यावर थांबत नाही. ‘तेल सुटेपर्यंत परतावे’ असे म्हणते. तेल सुटणे हे लक्षण आहे. आच कमी असली, कढई जाड असली, तरी लक्षण चुकत नाही. मार्गदर्शिकेचे पान मापे देते आणि लक्षणे देत नाही. दुसरे साम्य अधिक जुने आहे. महानुभाव पंथाने सूत्रे जतन केली, पण त्यांसोबत सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ही जतन केले. प्रसंग हरवला की सूत्राचा अर्थ डळमळतो, ही जाण त्यामागे होती. कन्सोलचे चार आकडे हे प्रकरणवश हरवलेले सूत्र आहे.

काळाच्या ओघात हे पान आणखी अपुरे झाले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये ९५ पासून एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल हा प्रोग्रॅम असे आणि पुस्तिकांतील पायऱ्या त्याच्याच खिडक्यांवर बेतलेल्या असत. २००७ च्या आरंभी बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये तो नव्हता. योगायोगाने त्याच वर्षी जानेवारीत पुटी या मोफत प्रोग्रॅमच्या ०.५९ या आवृत्तीत सिरियल जोडणीची सोय झाली आणि तंत्रज्ञांनी तो आपलासा केला. पुस्तिकांतून हायपरटर्मिनलचे नाव जायला मात्र बराच काळ लागला.

त्याहून मोठा बदल लॅपटॉपच्या कडेवर झाला. नऊ पिनांचा सिरियल पोर्ट तेथून नाहीसा झाला आणि त्याची जागा यूएसबी-सिरियल अडॅप्टरने घेतली. या अडॅप्टरमध्ये स्वतःची चिप असते, तिला ड्रायव्हर लागतो आणि संगणक तिला कॉम ३, कॉम ७ असा कोणताही क्रमांक देऊ शकतो. म्हणजे जोडणीतील सर्वांत नाजूक दुवा आता उत्पादकाच्या खोक्याबाहेर आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये या दुव्याची नाजूकता जगाला दिसली. अशा चिप बनवणाऱ्या एफटीडीआय या स्कॉटलंडमधील कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत वितरित झाला आणि तो नकली चिपांची ओळख पुसून त्यांचा उत्पादन-क्रमांक शून्य करू लागला. आपल्या अडॅप्टरमधील चिप अस्सल की नकली हे बहुतेकांना माहीतच नव्हते. कालपर्यंत चालणारी केबल संगणक ओळखेनासा झाला. टीकेनंतर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. नकलीपणाचे समर्थन करता येत नाही, तथापि बंद पडलेल्या राउटरपुढे बसलेल्या माणसाला आपली केबल कोणी व का मारली हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे.

पुढे उत्पादकांनी उपकरणावरच यूएसबी कन्सोल पोर्ट दिला. सिस्कोच्या २९०० मालिकेतील राउटरवर जुना आरजे-४५ आणि नवा मिनी-यूएसबी असे दोन्ही पोर्ट आहेत. दोन्ही जोडलेले असतील तर यूएसबीला अग्रक्रम मिळतो. नियम सोपा आहे. पण कोणी यूएसबी केबल लावून विसरला असेल, तर आरजे-४५ वर बसलेल्या तंत्रज्ञाची अक्षरे राउटर स्वीकारत नाही. पुन्हा तेच मौन, फक्त कारण नवे.

साठ सेकंद

आतापर्यंतची चर्चा गैरसोयीची होती. या पानाचे दुसरे मौन अधिक गंभीर आहे.

सिस्कोच्या अनेक राउटरांत पासवर्ड विसरला गेल्यास तो बदलण्याची अधिकृत पद्धत आहे. कन्सोलला संगणक जोडायचा, राउटरची वीज बंद करून पुन्हा चालू करायची आणि पहिल्या साठ सेकंदांत ब्रेक हा संकेत पाठवायचा. राउटर आपल्या मूळ अवस्थेत थांबतो. तेथे कॉन्फिगरेशन रजिस्टरचे मूल्य षोडशमान २१०२ ऐवजी २१४२ केले की पुढच्या वेळी तो साठवलेली मांडणी, पासवर्डसह, बाजूला ठेवून सुरू होतो. मग मांडणी परत आणायची, नवा पासवर्ड द्यायचा आणि रजिस्टर पूर्ववत करायचे. सारे काम काही मिनिटांचे.

याचा अर्थ असा की कन्सोल पोर्ट आणि विजेचे बटण ज्याच्या हाताशी, त्याचा राउटर. पासवर्ड हा दूरच्या माणसासाठी आहे. जवळच्या माणसाला तो अडवत नाही. ही रचना चुकीची आहे असे म्हणता येत नाही. जवळ उभ्या असलेल्या माणसाला मालक मानले नाही, तर पासवर्ड ठाऊक असलेला एकमेव कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर संस्थेचे उपकरण संस्थेलाच परके होईल. ही वाट बंद करण्याची आज्ञाही सिस्कोने दिली आहे. ती वापरली तर पासवर्ड विसरल्यावर साठवलेली मांडणी पुसूनच आत जाता येते. कोणता धोका पत्करायचा, हा संस्थेचा निर्णय आहे. पण निर्णय घेण्यासाठी प्रश्न समोर यावा लागतो आणि जोडणीच्या पानावर तो येत नाही. तेथे कन्सोल पोर्ट हे विजेच्या वायरीसारखेच एक जोडावयाचे टोक असते; त्याच्या अधिकाराची वार्ता दुसऱ्या प्रकरणात, दुसऱ्या पुस्तिकेत.

याहून साधी, म्हणूनच अधिक घडणारी गोष्ट केबल काढण्याची. जोडा, असे सांगणारे पान काढण्याविषयी क्वचितच बोलते. नेटवर्कवरील जोडणी तुटली की सत्र संपते. कन्सोलची केबल उपसली तर राउटरला ते कळतेच असे नाही. व्यवस्थापकाचे सत्र तसेच उघडे राहते आणि पुढे जो कोणी केबल लावेल त्याला पूर्ण अधिकारांसह प्रॉम्प्ट मिळू शकतो. सिस्कोच्या उपकरणांत काही हालचाल नसल्यास दहा मिनिटांनी सत्र आपोआप बंद होते, एवढेच संरक्षण. प्रयोगशाळेत ही मर्यादा त्रासाची वाटते म्हणून ती शून्य, म्हणजे अमर्याद, करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागते आणि तीच सवय पुढे नोकरीच्या ठिकाणी जाते. ‘काम संपल्यावर आधी सत्रातून बाहेर पडा, मग केबल काढा’ हे वाक्य आज्ञार्थातच लिहिता आले असते.

या दाराचे महत्त्व किती, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसले. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर बंद पडले ते सुमारे सहा तास. कंपनीने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार, नेहमीच्या देखभालीच्या वेळी तिच्या मूलाधार नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या आज्ञेने त्या नेटवर्कच्या सर्वच जोडण्या तोडल्या. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-साधनात दोष असल्याने ती अडली नाही. पाठोपाठ कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले गेले. नेहमीची वाट बंद, अशा प्रसंगासाठी राखलेली पर्यायी वाटही बंद. शेवटी अभियंत्यांना डेटा केंद्रांत प्रत्यक्ष पाठवावे लागले. आत शिरायला वेळ लागला, कारण त्या जागा कोणी सहज शिरू नये अशाच बांधलेल्या असतात. आणि शिरल्यावरही उपकरणांत बदल करणे अवघड होते, कारण समोर उभ्या असलेल्या माणसालाही ते सहज करता येऊ नयेत अशी त्यांची योजना होती. त्या निवेदनाचा रोख केबलवर नाही. तरी स्थानिक जोडणीविषयीचा सगळा पेच त्यात आहे. दार सैल ठेवले तर परका आत येतो, घट्ट केले तर आपलाच माणूस बाहेर राहतो. दूरच्या सर्व वाटा मिटल्यावर मात्र कोणाला तरी उठून त्या खोलीत जावेच लागते.

मराठीतून लिहिताना

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत आणि खाजगी वर्गांत शिकणारे असंख्य विद्यार्थी घरी मराठी बोलतात आणि मार्गदर्शिका इंग्रजीत वाचतात. त्यातही अनेकांची पहिली ओळख खऱ्या राउटरशी होत नाही. ती सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या प्रोग्रॅममधील चित्रातल्या राउटरशी होते. तेथे निळी केबल उचलायची, संगणकाच्या चित्रावर व राउटरच्या चित्रावर टिचकी द्यायची, टर्मिनल उघडायचे. योग्य मूल्ये आधीच भरलेली असतात. ‘ओके’ म्हटले की प्रॉम्प्ट येतो. साधन उत्तम आहे आणि ज्या महाविद्यालयांना प्रत्यक्ष उपकरणे परवडत नाहीत त्यांच्यासाठी तर वरदान आहे. पण मार्गदर्शिकेच्या पानाचा आज्ञार्थ तेथे पूर्णत्वाला पोहोचतो: वाईट केबल, हरवलेला ड्रायव्हर, कोरा पडदा यांचा अनुभव न येताच विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडू शकतो.

मराठीत अशी मार्गदर्शिका लिहायची झाल्यास पारिभाषिक शब्दांचा वाद आधी उभा राहतो. कन्सोलला काय म्हणावे, पोर्टला द्वार म्हणावे की नाही. हा वाद येथे दुय्यम आहे. कन्सोल, केबल, पोर्ट हे शब्द तंत्रज्ञाच्या तोंडी आहेत आणि तसेच राहू द्यावेत. लक्ष द्यायचे ते क्रियापदाकडे. ‘एंटर दाबा, प्रॉम्प्ट दिसेल’ याऐवजी ‘एंटर दाबल्यावर प्रॉम्प्ट दिसला तर पुढे जा, वेडीवाकडी चिन्हे दिसली तर वेग बदलून पाहा, काहीच दिसले नाही तर राउटर बंद करून पुन्हा चालू करा आणि पडद्याकडे लक्ष ठेवा’ असे लिहिता येते. मराठीतील ‘तर’ हा अडीच अक्षरांचाही नसलेला शब्द येथे मोठे काम करतो. पान तीन ओळींनी वाढेल, इतकेच.

उत्पादकांच्या लेखनात असे एक उदाहरण आहे आणि त्याची नोंद घेणे न्यायाचे ठरेल. पासवर्ड बदलताना पाठवायचा ब्रेक संकेत प्रत्येक प्रोग्रॅममध्ये निरनिराळ्या कळांनी जातो, आणि अलीकडच्या अनेक लॅपटॉपांवर ब्रेक ही कळच नसते. सिस्कोने या कळांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यासोबत, कोणतीच कळ लागू पडली नाही तर काय करावे हेही दिले आहे: टर्मिनलचा वेग मुद्दाम १२०० वर न्यावा, राउटर पुन्हा सुरू करावा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहावे, नंतर वेग पुन्हा ९६०० करावा. प्रथमदर्शनी हा तोडगा मंत्रतंत्राचा वाटतो. त्यामागे साधे गणित आहे. स्पेस या अक्षरात आरंभबिट धरून सलग सहा शून्ये येतात. १२०० च्या वेगाने त्यांना पाच मिलिसेकंद लागतात. ९६०० ने ऐकणाऱ्या राउटरच्या हिशेबी एक संपूर्ण अक्षर जेमतेम एका मिलिसेकंदाचे असते. एवढा वेळ तार शून्यावर राहिलेली पाहून तो ती खूण ब्रेक म्हणून घेतो. जी वेगातील तफावत एरवी पडद्यावर कचरा आणते, तीच येथे किल्लीसारखी वापरली आहे. आणि याच मजकुरात, वेग बदलल्यावर पडद्यावर आता काही दिसणार नाही व ते तसेच अपेक्षित आहे, अशा आशयाची सूचना वाचकाला आधीच दिलेली आहे.